जुनी समई, जुना लामणदिवा पुन्हा वापरात आणताना: घासण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

आषाढ अमावास्या जवळ आली की माळ्यावरचे दिवे खाली उतरतात. समया, निरांजनं, पंचारती, एखादा आजेसासूबाईंच्या माहेरून आलेला लामणदिवा. त्यांचं खरं नुकसान पहिल्या तासाभरातच होतं, कारण उतरवल्या उतरवल्या त्यांना चिंच नाहीतर लिंबू-मीठ चोळलं जातं.

जुन्या दिव्यावर जे काळं दिसतं त्यातलं बहुतेक जळून घट्ट झालेलं तेल असतं. आम्लाने तेल सुटत नाही. धातू जिथे आधीच उघडा पडलेला असतो तिथेच आम्ल चावतं. मग दिवा अर्धा गुलाबी आणि अर्धा काळा दिसायला लागतो, आणि राहिलेलं काळं काढायला तारेची घासणी हातात घेतली जाते. मोराच्या पिसांवरच्या रेघा आणि तबकाच्या कडेची वेल अशानेच पुसली जाते. एकदा गेलेली नक्षी कोणताही कारागीर परत आणू शकत नाही.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी तेल काढायचं, मग डाग, मग दिवा पूर्ण वाळवायचा, आणि चकाकी अगदी शेवटी, तीही हवी असेल तरच. हा लेख घरातल्या वापराच्या पितळी आणि काशाच्या दिव्यांसाठी आहे. देवळातली फार जुनी, मूर्तिकाम असलेली दीपलक्ष्मी किंवा जमिनीत सापडलेला दिवा असेल तर पहिले दोन टप्पे वाचा आणि पुढचं काम जाणकारावर सोपवा.

तयारी

दोन दिवस हाताशी ठेवा. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी सुरू केलेलं काम हमखास बिघडतं, कारण पावसाळ्यात दिवा वाळायलाच एक पूर्ण दिवस जातो आणि घाईत तोच टप्पा गाळला जातो.

लागणारं सामान साधं आहे. दोन प्लास्टिकची टबं, कढत पाणी, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, रिठ्याचं पाणी किंवा भांडी घासायचा सौम्य द्रवसाबण, मऊ केसांचा जुना दातब्रश, बांबूच्या काड्या, सुती फडकी, रबरी हातमोजे आणि एक लोहचुंबक. टबाच्या तळाशी जुना टॉवेल अंथरा, म्हणजे हातातून सुटलेला भाग आपटणार नाही.

तारेची घासणी, हिरवी खरखरीत घासणी, सॅंडपेपर, कॉस्टिक सोडा आणि संडास धुवायचं आम्ल कामाच्या जागी आणूच नका. कॉस्टिक सोडा तेल झटक्यात काढतो हे खरं, पण पितळेतल्या जस्ताला आणि सांध्यांतल्या कथलाला, शिशालाही तो खातो. दिवे डिशवॉशरमध्येही घालायचे नाहीत. त्याच्या गोळ्या तीव्र असतात आणि आतलं पाणी फार तापतं.

टप्पा १. दिवा ओळखा

दिवा खिडकीपाशी न्या आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढा. सुटे भाग परत जोडताना हेच फोटो उपयोगी पडतात. दुकानदार सरसकट ‘ब्राँझ’ म्हणून विकत असले तरी आपल्याकडच्या बहुतेक समया पितळेच्या, म्हणजे तांबं आणि जस्त यांच्या मिश्रणाच्या असतात. ब्राँझमध्ये जस्ताऐवजी कथील असतं. कथिलाचं प्रमाण वाढून पाचव्या हिश्शाच्या आसपास गेलं की ते कासं होतं. कासं छान वाजतं, पण आपटलं तर तडकतं, त्यामुळे काशाचा दिवा हाताळताना जपावं लागतं.

धातू ओळखण्यासाठी ओरखडा काढू नका. बैठक उलटी करा. खालची बाजू सहसा कोणी घासलेली नसते, तिथे खरा रंग दिसतो. पिवळसर असेल तर पितळ, तपकिरी-लालसर असेल तर ब्राँझ, फिकट राखाडी छटा असेल तर कासं. हा अंदाज झाला, पण साफसफाईपुरता तो पुरतो.

यानंतर सांधे बघा. ओतीव समई हाताला जड लागते आणि तिच्या पृष्ठभागावर ओतकामाचे बारीक खड्डे दिसतात. पत्र्याची समई हलकी असते. तिच्या बैठकीला किंवा तबकाखाली झाळलेला, म्हणजे डाक देऊन जोडलेला, करडा सांधा दिसतो. काही पोकळ बैठकींत वजनासाठी वाळू, लाख किंवा राळ भरलेली असते. हलवल्यावर आत काही सरकत असेल किंवा खालून तपकिरी डिंकासारखं काही दिसत असेल, तर ती बैठक कढत पाण्यात बुडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसूनच ती साफ करा.

तपासणी: चुंबक चिकटला तर तिथे लोखंड आहे. दांड्याच्या आत लोखंडी सळई असू शकते किंवा वर पितळेचा फक्त मुलामा असू शकतो. दोन्ही वेळा दिवा पाण्यात भिजत घालू नका.

टप्पा २. हिरवा रंग तीन तऱ्हेचा

दिव्यावर हिरवं दिसलं की लोक घाबरून घासायला लागतात, नाहीतर ‘जुनेपणाची खूण’ म्हणून ठेवून देतात. यातलं काय बरोबर हे त्या हिरव्याच्या जातीवर ठरतं, आणि तीन जाती ओळखायला नखाची टोचणी पुरते.

पहिली जात तबकात किंवा वाटीत सापडते. मऊ, मेणचट, निळसर हिरवी, नखाने उचलली जाते. तेल खवट झालं की त्यातली आम्लं तांब्याशी संयोग पावतात आणि हा थर तयार होतो. पितळी भांड्यात ताक कळकतं त्याच जातीचा हा प्रकार आहे. तो धोकादायक नाही, पण काढायलाच हवा, कारण त्याच्याखाली धातू झिजत राहतो.

दुसरी जात दांड्यावर, नक्षीच्या खोबणीत असते. गडद हिरवी किंवा तपकिरी, गुळगुळीत, नखाला दाद न देणारी. हा वर्षानुवर्षं बसलेला पक्का थर आहे आणि तो खालच्या धातूचं रक्षण करतो. त्याला हात लावू नका. तो काढून टाकला की दिव्याचं सौंदर्यही जातं आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही.

तिसऱ्या जातीची मात्र काळजी करावी लागते. फिकट पोपटी, कोरड्या पावडरीसारखे ठिपके, पुसले तरी दमट हवेत काही दिवसांत त्याच जागी पुन्हा येणारे. धातूत क्षार, म्हणजे क्लोराईड, शिरल्यामुळे हे होतं. संवर्धनाच्या क्षेत्रात याला ब्राँझचा रोग म्हणतात. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळत राहिला तर तो आतून पोखरत जातो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या घरांत आणि मिठाने घासायची सवय असलेल्या घरांत तो जास्त संभवतो.

तपासणी: शंका असेल तर दिवा एका झाकणाच्या डब्यात ठेवा आणि शेजारी ओल्या कापसाची वाटी ठेवा. कापूस दिव्याला टेकू देऊ नका. एक-दोन दिवसांनी ताजे पोपटी ठिपके उमटले तर रोग जिवंत आहे. दिवा कोरडा करा, इतर दिव्यांपासून वेगळा ठेवा आणि इथेच थांबा. घरगुती उपायाने तो बरा होत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, लखनौला सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. अशा ठिकाणच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्या.

टप्पा ३. भाग सुटे करा

समईचे भाग खालून वर असे येतात: बैठक, एक किंवा अधिक तुकड्यांचा दांडा, तबक, आणि सगळ्यात वर मोर, हंस किंवा कळस. ते आट्यांनी एकमेकांत बसतात. जुन्या कामात प्रत्येक आटा त्याच समईपुरता पाडलेला असायचा. जोडीतल्या दोन समया सारख्या दिसल्या तरी एकीचा दांडा दुसरीच्या बैठकीत नीट बसेलच असं नाही. म्हणून एकावेळी एकच समई उघडा. प्रत्येक भागाला सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर समई आणि क्रमांक लिहा. धुताना चिठ्ठी काढून भागाशेजारी ठेवायची.

आटा जाम असेल तर जोर लावू नका. जुनं तेलच तिथे चिकटून बसलेलं असतं. सांध्याभोवती कढत पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग दोन्ही हातांत रबरी मोजे घालून घड्याळाच्या उलट दिशेने हळू फिरवा. नाही सुटलं तर सांध्यात रॉकेलचे दोन थेंब सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा प्रयत्न करा. तरीही नाही सुटलं तर तसंच राहू द्या. न उघडलेली समईही साफ होते. पकडीने पिळलेल्या दांड्यावरचे दात मात्र कायमचे राहतात.

सावधान: दिवा गॅसच्या ज्योतीवर धरून तेल जाळायचा प्रकार अनेक घरांत चालतो. साधा डाक सुमारे १८० अंश सेल्सिअसपासून वितळायला लागतो आणि ज्योत त्याहून कितीतरी तापलेली असते. तबक दांड्यापासून सुटतं, पत्रा वाकतो, आणि तेल पेटलं तर हातही भाजतो. रॉकेल लावलेला भाग तर साबणाने धुऊन होईपर्यंत स्वयंपाकघरात आणूच नका.

लामणदिव्याची साखळी उघडायची नसते. कड्या वाकवून उघडल्या की त्या पुन्हा तशाच घट्ट मिटत नाहीत. साखळी अख्खीच धुवायची.

टप्पा ४. तेलाचं किटण काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हा टप्पा नीट झाला तर पुढे डाग काढण्याची आणि चकाकी देण्याची बहुतेकदा गरजच उरत नाही.

किटण म्हणजे फोडणीच्या कढईच्या बाहेरच्या बाजूला बसतो तसा थर. तेल हवेशी आणि उष्णतेशी संयोग पावून घट्ट झालेलं असतं. तो थर घासून निघत नाही, त्याला मऊ करावं लागतं.

आधी कोरडं काम करा. तबकातलं, वाटीतलं जाड किटण आणि मेणचट हिरवं बांबूच्या काडीने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने उचला. सुरी, पिन, स्क्रू-ड्रायव्हर नको. जेवढं असं निघेल तेवढं पाण्यात जायचं वाचेल.

मग टबात हाताला सोसेल इतकं कढत पाणी घ्या. दर लिटरला दोन चहाचे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा द्रवसाबण घाला. मोजे घाला. सुटे भाग त्यात बुडवा आणि अर्धा तास थांबा. पाणी पिवळसर-तपकिरी व्हायला लागेल. ब्रशने नक्षीच्या दिशेने हलके हात फिरवा, पाणी ओतून द्या, पुन्हा ताजं द्रावण करा. घरातला जुना दिवा अशी तीन-चार पाणी सहज घेतो. एकाच पाण्यात चार तास बुडवून ठेवण्यापेक्षा अर्ध्या तासाची चार ताजी पाणी जास्त काम करतात, कारण गार झालेल्या घाण पाण्यातलं तेल परत धातूवर बसतं.

खोबणीत अडकलेल्या हट्टी थराला लेप लावा. धुण्याचा सोडा आणि मुलतानी माती समप्रमाणात घ्या, कढत पाण्यात दाटसर कालवा, थापा, वर ओलं फडकं ठेवा आणि अर्ध्या तासाने धुवा. लेप वाळू देऊ नका, वाळला की तो ओरबाडतच निघतो.

काही लामणदिव्यांत तेलाची बंद टाकी असते आणि वाटीतली पातळी उतरली की टाकीतून आपोआप तेल खाली येतं. त्या टाकीचं भोक जुन्या तेलाने बुजलेलं असतं. आत सोड्याचं कढत पाणी भरा, हलवा, ओता आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा. भोकात तार खुपसून ते मोठं करू नका. त्या भोकाच्या मापावरच तेलाचं उतरणं अवलंबून असतं.

सावधान: अमोनिया असलेला काच पुसायचा किंवा फरशी धुवायचा द्राव पितळेला कधीही लावू नका. ठोकून घडवलेल्या पितळी पत्र्यात ताण दडलेला असतो आणि अमोनिया लागला की तिथे बारीक तडे जातात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं नुसती पडल्या पडल्या तडकायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया हे त्यामागचं कारण निघालं. पत्र्याच्या समईची बैठक कडेने चिरली जाते त्यामागेही हेच कारण असू शकतं.

तपासणी: भाग धुऊन त्यावर स्वच्छ पाणी ओता. पाणी सगळीकडे सपाट पसरलं तर तेल गेलं. कुठे थेंब गोळा होऊन ओघळला तर तिथे अजून तेल आहे. तेवढ्या भागावर पुन्हा काम करा. हे पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टप्पा ५. डाग, आणि तेही गरजेपुरते

आता दिवा मंद तपकिरी-सोनेरी दिसत असेल. माझ्या मते जुन्या दिव्याला हाच रंग शोभतो आणि इथून थेट धुण्याच्या टप्प्यावर गेलेलं उत्तम. पण तबकात काळे डाग उरले असतील आणि देवघरात ते खटकत असतील, तर चिंचेचा वापर करा.

मूठभर चिंच कोमट पाण्यात भिजवा, कोळ गाळून घ्या. गाळण्याला महत्त्व आहे, कारण चिंचोक्याची टरफलं आणि दोरे ओरखडे काढतात. कोळात फडकं बुडवून फक्त डागावर दोन ते तीन मिनिटं ठेवा आणि लगेच वाहत्या पाण्याखाली धरा. डाग उरला तर पुन्हा दोन मिनिटं. आमसुलाचं पाणीही चालतं. दिवा रात्रभर चिंचेत बुडवून ठेवायची पद्धत मात्र पूर्ण चुकीची आहे. आम्लात पितळेतलं जस्त तांब्याआधी विरघळतं आणि पृष्ठभागावर नुसतं तांबं उरतं. पितळ गुलाबी दिसतं ते त्यामुळे. लोक त्याला ‘छान स्वच्छ झालं’ म्हणतात, पण तो धातूचा झालेला तोटा असतो.

सावधान: मीठ नको. लिंबाबरोबर नको, पिठाबरोबर नको, व्हिनेगरबरोबरही नको. मिठाने डाग पटकन जातात म्हणून ही पद्धत घराघरांत टिकली आहे. पण टप्पा २ मधल्या पोपटी रोगाला लागणारा क्लोराईड आपण मिठातूनच दिव्याच्या खोबणीत भरतो. ही एक सवय सोडली तरी दिव्याचं आयुष्य वाढेल.

आम्ल वापरलं असेल तर लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून त्यात भाग पाच मिनिटं बुडवा. सांध्यात आणि आट्यांत राहिलेलं आम्ल त्याने मारलं जातं. हे न केलेल्या समईच्या सांध्यांतून आठवडाभरात हिरवे ओघळ उतरलेले दिसतात.

टप्पा ६. धुणं आणि वाळवणं

दोन-तीन स्वच्छ पाण्यांत खळबळून घ्या. शेवटचं पाणी शक्यतो गाळणयंत्राचं, क्षार कमी असलेलं वापरा. बोअरवेलचं पाणी वाळल्यावर पांढरे डाग सोडतं.

मग फडक्याने टिपा, घासू नका. दांड्याच्या पोकळीत आणि आट्यांत सुती वात सरकवून ओल शोषून घ्या. भाग सुटेच ठेवून पंख्याखाली कमीत कमी २४ तास ठेवा. हेअर ड्रायर असेल तर कोमट हवेवर आतून वाळवा. साखळी दोरीवर टांगा आणि दोन-चार वेळा हलवून तिची बाजू बदला, कारण कडीला कडी टेकते तिथे पाणी धरून राहतं. पाऊस उघडला तर तासभर ऊन द्या, पण लाख किंवा राळ भरलेली बैठक उन्हात ठेवू नका.

तपासणी: टिश्यू कागदाची सुरळी करून दांड्यात आणि आट्यांत फिरवा. कागद कोरडा आणि स्वच्छ बाहेर आला पाहिजे. ओलसर किंवा हिरवट आला तर अजून एक दिवस.

टप्पा ७. चकाकी हवी आहे का?

रोज लावायच्या साध्या समईला चकाकी देणं हा घराचा निर्णय आहे आणि सणाला समई लखलखीत दिसावी ही इच्छा अगदी योग्य आहे. फक्त सपाट भागालाच हात लावा: बैठकीचा वरचा पृष्ठभाग, तबकाची कड, दांड्याच्या गोल गाठी. बाजारातली पितळेची पॉलिश क्रीम मऊ फडक्यावर अगदी थोडी घ्या आणि पुढेमागे चोळा. नक्षीत क्रीम गेली तर वाळून पांढरी दिसते, ती लगेच ओल्या ब्रशने काढा. मोर, हंस, देवतेचा चेहरा आणि कोरलेली अक्षरं सोडून द्या. जुन्या दिव्यांवर कधी कधी नाव, सालाचे आकडे किंवा देवळाला दिल्याची नोंद कोरलेली असते. घराण्याचा तो कागदच समजायचा.

मशीनवर बफिंग करून देणारे दुकानदार अर्ध्या तासात दिवा नवा करून देतात. जुन्या ओतीव दिव्याला ते कधीही करू नका. चाकावर धातू झिजतो आणि उठावाची कामं पहिल्याच फेरीत गोल होतात. पारदर्शक लॅकरही नको. ज्योतीच्या उष्णतेने ते पिवळं पडतं, पापुद्रे निघतात आणि त्याखाली अडकलेला ओलावा डाग पाडतो.

टप्पा ८. गळती, डोलणं आणि साखळी

तेल भरण्याआधी पाणी भरून बघायचं. तबक कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा, काठोकाठ पाणी भरा, रात्रभर सोडा. सकाळी कागद ओला दिसला तर बारीक भोक किंवा सुटलेला सांधा आहे. पाण्यातून न गळणारं तबक कधी कधी तेलातून गळतं, म्हणून पहिल्या दिवशी दिव्याखाली ताटली असू द्या.

गळती असेल तर तांबटाकडे किंवा कासाराकडे जा. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, आणि जुन्या बाजारपेठेच्या बहुतेक गावांत डाक देणारा एखादा कारागीर अजून सापडतो. त्याला तीन गोष्टी आधी सांगा: डाक खालच्या बाजूनेच द्यायचा, नंतर आम्लात बुडवायचं नाही, आणि बफ करायचं नाही. सांगितलं नाही तर तो सवयीने आम्लात बुडवूनही देईल आणि बफही करून देईल. घरी एम-सील किंवा तसला चिकटा भरू नका. ज्योतीजवळ तो मऊ पडतो आणि पुढे डाक द्यायची वेळ आली की तो आधी खरवडावा लागतो.

दिवा बाहेर देणार असाल तर देण्याआधीचे फोटो आणि वजन नोंदवून ठेवा.

समई डोलत असेल तर आटे झिजलेले असतात. जुन्या बायका आट्यावर सुती दोरा गुंडाळायच्या आणि तो उपाय आजही चांगलाच आहे. खालच्या, ज्योतीपासून लांबच्या आट्याला नळाची टेफ्लॉन टेपही चालते. तबकाजवळच्या आट्याला फक्त सूत. जोडून झाली की समई सपाट जागी ठेवा आणि तबकात बोटभर पाणी घाला. पाणी एका बाजूला जास्त दिसलं तर दिवा कलता आहे. कलत्या समईत एका बाजूची वात बुडते आणि दुसऱ्या बाजूची कोरडी जळते.

लामणदिव्याची साखळी प्रत्येक कडीपाशी बघा. कड्या आतल्या बाजूने झिजून बारीक होतात. तेल भरलेल्या दिव्याच्या दुप्पट वजनाचं पाणी बादलीत घेऊन ती साखळीला जमिनीपासून वीतभर उंचीवर रात्रभर टांगा. सकाळी कुठली कडी लांबली किंवा उघडली असेल तर ती बदलेपर्यंत दिवा लावायचा नाही. छताचा हूकही याच परीक्षेत तपासला जातो.

टप्पा ९. तेल आणि वात

तीळ तेल, शेंगदाणा तेल आणि खोबरेल ही दिव्याची नेहमीची तेलं. खोबरेल फार कमी चिकटतं, किटण उशिरा धरतं, पण सुमारे २४ अंशांखाली थिजतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत किंवा परदेशातल्या घरात वात तेलाविना जळून जाते ती त्यामुळे. एरंडेल जाड असतं आणि वातीत हळू चढतं, त्यामुळे ज्योत लहान आणि सावकाश चालते. सूर्यफूल आणि सोयाबीनचं तेल चालतं, पण ते लवकर चिकट होऊन तबकाला पापुद्र्यासारखं धरतं. जुन्या दिव्यात मी ते घालणार नाही. ‘पूजेचं तेल’ म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती घेऊ नका.

तूप समईत नको. ते थिजतं आणि लांब वातीला पुरत नाही. तुपासाठी निरांजन आणि फुलवात.

समईत दोन वाती एकत्र वळून जोडवात लावायची आपली रीत आहे. बाजारातल्या वाती मुळात जाड असतात, त्यांची जोडवात केली की ज्योत भडकते आणि काजळी धरते. तेव्हा बारीक वाती घ्या किंवा घरी वळा. जोडवातीची एकूण जाडी काडेपेटीच्या दोन काड्यांएवढी पुरे. वाती आधी तेलात पूर्ण भिजवा, मग खोबणीत बसवा, टोक चार ते पाच मिलिमीटरच बाहेर ठेवा. तेल काठापासून अर्धा सेंटिमीटर खाली. दिवा तापला की तेल थोडं फुगतं आणि काठोकाठ भरलेलं तबक ओघळतं.

तपासणी: ज्योत स्थिर आणि दोन सेंटिमीटरच्या आसपास असावी. वर काळा धूर दिसला तर वात चिमट्याने किंचित मागे ओढा. ज्योत तडतडत असेल तर तेलात किंवा सांध्यात पाणी राहिलं आहे. दिवा शांत करा आणि वाळवण्याच्या टप्प्यावर परत जा.

पेटत्या दिव्यात तेल ओतायचं असेल तर वातीपासून लांबच्या बाजूने, बारीक धारेने, लहान पळीने. बाटलीतून थेट नाही. दिवा फुंकून विझवू नये असं घरोघर सांगतात. ते पाळा, कारण फुंकरीने गरम तेलाचे शिंतोडे उडतात. वातीचं टोक चिमट्याने तेलात ओढलं की ज्योत शांत होते. पडदा, कागदी तोरण, थर्माकोलची आरास यांपासून दिवा हातभर लांब असू द्या. नंदादीप रात्रभर ठेवणार असाल तर वाळू पसरलेल्या परातीत ठेवा आणि मांजर-मुलं पोहोचणार नाहीत असं बघा.

टप्पा १०. रोजची निगा आणि ठेवण

दिवा शांत झाल्यावर, गार झाला की उरलेलं तेल कागदाने टिपून घ्या. रात्रभर, आठवडाभर तबकात राहिलेलं तेल खवट होतं, आणि हिरव्या मेणचट थराची सुरुवात तिथून होते. रोज लावायच्या समईला आठवड्यातून एकदा कढत पाणी आणि साबण. एवढं केलं तर चिंचेची वेळ वर्षातून एकदाही येत नाही. दिव्यातलं उरलेलं तेल डोक्याला, अंगाला किंवा स्वयंपाकात वापरू नका. त्यात तांबं उतरलेलं असतं, आणि जुन्या मिश्रधातूत आणि डाकात शिसंही असू शकतं. दिवे धुतलेली टबं आणि ब्रशही भांड्यांसाठी नकोत.

वर्षभर ठेवून द्यायचा दिवा पूर्ण कोरडा करून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. वर्तमानपत्र, घट्ट प्लास्टिक, लोकरीचं कापड आणि रबरबँड टाळा. लोकर आणि रबर यांतल्या गंधकाने धातू काळवंडतो. किनाऱ्याजवळच्या घरात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या पावसाळ्यात दोन-तीनदा बदला.

परदेशी नेताना

अमेरिकेतल्या, आखातातल्या लेकीसुनांना आजीची समई न्यायची असते, म्हणून हेही सांगायला हवं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी धातूची कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. घरची आहे, वारशाने आली आहे, एवढ्याने सवलत मिळत नाही. दिवा तेवढा जुना नसेल पण दिसायला जुना असेल तर विमानतळावर अडवला जाऊ शकतो. अशा दिव्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी काढा. अर्जासोबत दिव्याचे फोटो लागतात आणि तज्ज्ञांना प्रत्यक्ष दिवा दाखवावा लागतो, म्हणून तिकिटाच्या आदल्या आठवड्यावर हे काम ठेवू नका. दिवा दाखवायला नेण्याआधी तो पॉलिशही करू नका, कारण त्याचं वय ठरवायला पृष्ठभागावरचा जुना थर उपयोगी पडतो.